चार नंबरची कडी

२२ जून, रविवार

पोचलो एकदाचा. सांगली स्टँडवरून तासगाव रोडला वडापची जीप मिळाली. ड्रायव्हरला म्हटलं, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर कामाला लागलोय. तो म्हणाला, बाहेर पावसाळा आन् आत हिवाळा, मजाच हाय की गड्या तुझी.

जागा मस्त आहे. चारी बाजूंना द्राक्षबागा, मधे ही पांढरी इमारत. आत चार चेंबर. एकेका चेंबरचं दार वीतभर जाड, वर लोखंडी कडी. एक, दोन, तीन बेदाण्याच्या बॉक्सांनी छतापर्यंत भरलेत. दार उघडलं की गोड वास येतो आणि डोळ्यांत गारवा शिरतो. माझं काम कॉम्प्रेसर बघायचं, दर दोन तासांनी चारही चेंबरचं टेंपरेचर रजिस्टरला लिहायचं. शिकवायला आकारामनाना आहेत, पंधरा वर्षं इथंच काढलेली. त्यांनी विचारलं या आधी कुठं कुठं होतास. मी सांगत गेलो, पुणे, वापी, मग विजयवाड्याला सोनं गाळायच्या दुकानात. नाना म्हणाले, पायाला भिंगरी बांधून जन्मलास व्हय रं. संध्याकाळी त्यांच्या डब्यातली भाकरी आणि खर्डा दोघांनी खाल्ला.

ही वही संयोगितानं दिली. ती बारावी पास, मी आठवीतनं पळालेला. तिला उंब्रजला माहेरी सोडून निघालो तेव्हा म्हणाली, आवं, रोज चार ओळी लिवा. बाळंत झाल्यावर मी वाचणार हाय. दिवस चुकला तर समजंन, तुमी पुन्हा पळालासा. एकदा तरी एका जागी थांबा.

थांबणार. वाच तू.

२५ जून, बुधवार

काम जमलं. दिवसा शेडमधे बेदाणा निवडायला पंधरा-वीस बायका येतात. जतकडच्या जास्त, आपसात कानडी बोलतात. माझ्याकडं बघून काहीतरी म्हणतात आणि हसतात. मीही हसतो. दुसरं बोलायला कुणी नाही. नाना सहाला घरी जातात, मग मी आणि कॉम्प्रेसर.

चार नंबर रिकामा आहे. तरी चालू ठेवतात. मी नानांना विचारलं, रिकाम्या खोलीला गारवा कशाला. म्हणाले मालकाचा हुकूम. त्याच्या कडीला लाल दोरा गुंडाळलाय, गाठीवर गाठ, मोजवेनात इतक्या. मी बोट लावलं तर नाना ओरडले. नंतर स्वतःच चहा घेऊन आले. म्हणाले, तेवढी एक कडी सोडून समदं तुजं.

संयोगिताशी बोललो. पोटात लाथा मारतंय म्हणाली, बापावर गेलंय, एका जागी थांबत न्हाई.

३० जून, सोमवार

आजची तारीख दिली होती डॉक्टरांनी. काही नाही. सासूबाईंना मी मामी म्हणतो. त्या म्हणाल्या, पहिलटकरणीचे दिवस वर जात्यातच, तुमी जीव खाऊ नका.

मोबाईल खिशातून काढून हातात धरलाय सकाळपासून. वाजला की सिमकार्ड कंपनीचा फोन असतो.

३ जुलै, गुरुवार

अजून काही नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या सोमवारपर्यंत वाट बघू. कळा आल्या नाहीत तर भरती करून गोळी ठेवून कळा आणायच्या. मामी घाबरल्यात. गल्लीतल्या बायका म्हणतात, आपसूक येतील त्याच कळा खऱ्या, पिकल्याबिगार फळ तोडू नये. संयोगितानं मला विचारलं, तुमी काय म्हणता.

मी डॉक्टरबाईंना फोन लावला. चांगल्या आहेत, मला समजेल असं बोलल्या. दिवस फार वर गेले की आतलं पाणी कमी होतं, वार जुनी होते, बाळाला जड जातं. म्हणून गोळी. पण ती दवाखान्यातच ठेवायची, घरी घ्यायची नव्हे. पोटाला पट्टा लावून बाळाचे ठोके सारखे बघायचे. कळा जास्त झाल्या, ठोके पडले, तर हाताशी ऑपरेशनची तयारी. मी हो म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या गोष्टीला न पळता हो म्हणालो असेन.

जेवताना नानांना सांगितलं. गोळी म्हटल्याबरोबर त्यांचा घास हातातच राहिला. डबा तसाच झाकून घरी गेले.

५ जुलै, शनिवार

सुट्टी मागितली. मालक म्हणाले नाना बेंदराच्या सणाला गावी चाललेत, तू बी गेलास तर प्लँट कोण बघणार. तीन चेंबर लोकांचा माल आहे. थांबावं लागेल. उंब्रज इथनं दोन-अडीच तासांवर. विजयवाड्यात असताना एवढं लांब वाटलं नव्हतं.

एक गोष्ट ध्यानात आली. निवडणाऱ्या बायका शेडमधे सगळीकडं बसतात, चार नंबरच्या भिंतीला कुणीच टेकत नाही. तिथं पंखा आहे तरी.

७ जुलै, सोमवार

सकाळी भरती केली. दहा वाजता गोळी ठेवली. मामींनी फोन करून सांगितलं, पट्ट्यात घोडा पळाल्यागत आवाज येतोय.

बाराला मी रजिस्टर घेऊन गेलो. एक, दोन, तीन बरोबर. चार नंबरच्या डिस्प्लेवर सहा डिग्री. रोज चार असतं. बघता बघता सात झालं, मग उतरत उतरत परत चार. मी तिथंच उभा राहिलो. दहा मिनिटांनी पुन्हा चढलं, सात, उतरलं. मशीन बिघडलं म्हणून नानांना बोलावलं. त्यांनी डिस्प्लेकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघत विचारलं, गोळी कवा ठिवली.

मग त्यांनी सांगितलं. सात वर्षांपूर्वीची गोष्ट. लगमव्वा नावाची बाई होती, निवडायला यायची, जतच्या पल्याडची. नववा सरून वर दिवस गेलेले. हंगाम जोरात. मुकादमाला घाई, ही मोकळी झाली की आठ दिवसांत कामाला उभी राहील. त्यानं कुठनंतरी गोळ्या आणून तिला गिळायला लावल्या. नाना म्हणाले, गोळी तीच आसंल बघ तुझ्या बायकुची, पण हिच्याजवळ बघणारं कुनी न्हवतं. कळा बसल्या. लाज वाटली आसंल, नायतर उकाडा सोसंना. चार नंबरात बॉक्सांमागं जाऊन बसली. आतनं उघडायची मूठ मोडलेली. संध्याकाळी चेंबर बंद झाला. सकाळी उघडला तेव्हा बाई गेलेली, लेकरू पोटातच.

मी विचारलं, बंद कुणी केला. नानांनी आपल्या उजव्या हाताकडं बघितलं.

जाताना माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, उद्या पहाटे मी गावी जातोय, मला हितं ऱ्हावत न्हाई रं. लेका, काय बी होऊ दे, ती कडी काढू नगंस. तिची कळ अजून चालूच हाय.

८ जुलै, मंगळवार

सकाळी सहा. दुसरी गोळी रात्रीच ठेवली. कळा येतात आणि विरतात. पिशवीचं तोंड दोनच बोटं उघडलंय.

दहा. दोनच बोटं. संयोगिता फोनवर बोलली नाही, फक्त श्वास घेतला. मी पण घेतला. तेवढंच बोलणं झालं.

बाराला डिस्प्ले चार, आठ, चार. आता सात-सात मिनिटांनी.

दुपारी मामींचा फोन. म्हणाल्या, घरातल्या समद्या पेट्यांची कुलपं काढली, डब्यांची झाकणं काढली, संयोगिताची येणी सोडली. आडलेल्या बाईसाठी घरातलं काय बी बंद ठेवायचं नसतं, आमच्यात असंच करत्यात. तुमी बाप हायसा. तुमच्या हातातलं जे जे बंद आसंल ते उघडा. काय बी ठिवू नका बांधलेलं.

मी बॅग उघडली. बुटांच्या नाड्या सोडल्या. कमरेच्या करगोट्याची गाठ सोडली. खाटेखालची नानांची ट्रंक उघडली. एक, दोन, तीन चेंबरची दारं एकेक करून उघडून मिटली, माल खराब होईल म्हणून पटकन.

मामींना सांगितलं, सगळं उघडलं.

खोटं बोललो.

संध्याकाळी सहा. बायका गेल्या. त्यांतल्या एकीनं जाताना विचारलं, नाना न्हाईत व्हय. नाही म्हटल्यावर सगळ्याच भरभर चालायला लागल्या. विचारणारीला थांबवून म्हटलं, बागला तगी म्हणजे काय. दुपारपासून भिंतीतून तेवढंच ऐकू येत होतं, अगदी बारीक, दमलेलं. तिनं पदर तोंडाला लावला. म्हणाली, दार उघड.

उद्या येणार नाहीत म्हणाल्या. बेंदूर आहे.

९ जुलै, बुधवार. बेंदूर

आठ. पाणी फुटलं. सलाईनमधून कळांचं औषध चालू. चार बोटं.

इथं कुणी नाही. लांब कुठंतरी बैलांच्या मिरवणुकीची हलगी वाजतेय. भाकरी केली, खाववेना.

साडेदहा. चार बोटंच. डिस्प्ले पाच-पाच मिनिटांनी चढतोय. मी चार नंबरच्या समोर बसून मामींना विचारलं, आता कळ आली का. आली म्हणाल्या. डिस्प्ले नऊ. गेली का. गेली. डिस्प्ले चार.

मग विचारलं नाही.

साडेबारा. पळावंसं वाटलं. गेटपर्यंत गेलो. वडाप आलं, थांबलं, ड्रायव्हरनं हात केला. तोच पहिल्या दिवसाचा. मी पायरीवर पाय ठेवला. मग आत कॉम्प्रेसरचा आवाज ऐकला आणि वही आठवली. पाय काढून घेतला. तो म्हणाला, हिवाळा मानवला वाटतं.

दोन. बाळाचे ठोके पडायला लागले. कळ आली की पडतात, मग सावरतात. डॉक्टरबाई म्हणाल्या चारपर्यंत बघू, नाहीतर ऑपरेशन. मामी रडत होत्या. म्हणाल्या, कायतरी बंद ऱ्हायलंय कुठंतरी. तुमी समदं उघडलं न्हवं?

लाल दोऱ्याकडं बघत फोन ठेवला.

अडीच. आतनं ठोके येतायत. दारावर. हातानं नव्हे, डोकं आपटल्यागत. बागला तगी. बागला —

ती पण कुणाची तरी संयोगिता होती.

तीन. गाठी सोडतोय. नखं दुखतात. नानांनी घट्ट — लय घट्ट मारल्यात —

तीन वीस. झाल्या. कडी वर केली.

आत काय नाही. रिकामं. भिंतीला बर्फ. बेदाण्याचा वास नाही, ओल्या फरशीचा वास. दार पूर्ण उघडून क्रेट लावून ठेवलाय. 

डिस्प्ले चारवर. थांबला. चढत नाही.

तीन पस्तीस. मामींचा फोन. पिशवी एकदम उघडली म्हणे, ऑपरेशन लागलं नाही. झाली. पोरगी. संयोगिता बरी हाय.

मी विचारलं, रडली का.

पलीकडं नुसता धावपळीचा आवाज.

विचारलं, मामी, रडली का. म्हणाल्या, डॉक्टर पाठ चोळत्यात, नळी घालत्यात. अजून न्हाई.

तीन अडतीस. रडण्याचा आवाज येतोय. लहान लेकराचा.

फोनमधनं न्हाई. फोन ठेवलाय.

आतनं. चार नंबरातनं. लांब, भिंतीपाशी —

तिकडं माझी पोर गप हाय आन् तिचं रडणं हितं —

जातोय. आणतो तिला. क्रेट हाय दाराला. वही घेतलीय, दिवस चुकायला नको.

(टाइम कळंना)

सापडलं. कोपऱ्यात फरशीवर. ओलं. मी शर्टात गुंडाळलं. एवढ्या गारव्यात अंग ऊन हाय त्याचं. माझं बोट धरलंय. रडायचं थांबलं.

तोंडावरनं हात फिरवला. आपल्यावर गेलंय का बघाया उजेड न्हाई.

क्रेट सरकल्यागत वाटलं.

दार मिटलंय.

मूठ न्हाई आतनं.

मोबाईलच्या उजेडात लिवतोय, एका हातानं. रेंज एक काडी. नानांना लावला, लागंना. मामींचा आला. आवाज तुटतोय. हसत्यात मामी. रडली म्हणत्यात. आत्ता, मोठ्यानं, समदा दवाखाना गोळा झाला. संयोगिताच्या उरावर ठिवलीय. फोन जवळ धरला, मला ऐकवलं —

रडतीय. माझी पोर तिकडं रडतीय. चांगली हाय.

मग हे —

बोट सोडत न्हाई.

संयोगिता बोलली. दमलीय. आवं कुठं हायसा म्हणाली. म्हटलं हितंच. कुठं गेलो न्हाई. एका जागी —

काडी गेली.

माझ्यामागं कुनीतरी भिंतीला टेकून बसलंय. दमल्यावानी श्वास घेतंय. आता दार उघड म्हणत न्हाई. हात पुढं —

संयोगिता, दिवस चुकला न्हाई बघ, मी थांब