तेलाचा हात

नेपरव्हिल (अमेरिका), २ मार्च १९८६

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

उत्तराला दीड महिना लागला, रागावू नकोस. उल्हासने मला कामाला लावलं होतं. तो आणि त्याचा मित्र राजीव गॅरेजमध्ये रॉकेटची मोटर करताहेत. नळीत रबर ठासायचं आणि वरून ऑक्सिजन सोडायचा. तो आत नीट फवारावा म्हणून पितळेची चकती लागते, बारा बारीक भोकांची. तिला इंजेक्टर म्हणतात. उल्हास म्हणाला, बाबा, चाळीस वर्षं लेथवर काढलीत, तुम्हीच करा. सूनबाई सुमेधा म्हणते, तुम्ही दोघं माझं घर उडवणार. मलाही धास्तीच वाटते.

तीन चकत्या वाया गेल्या, चौथी साधली. पुसून, शिरस्त्याप्रमाणे तेलाचा हात देऊन त्याच्या हातात ठेवली. तो केमिकलने धुवायला निघाला होता. मी म्हटलं, माझं काम धुतोस? मग राहू दिलं. २२ तारखेला चाचणी आहे.

घरच्यांना आशीर्वाद. तब्येत सांभाळ.

तुझा दादा,
जगन्नाथ

मिरज, २४ मार्च १९८६

ती. दादांस सा. न. वि. वि.

पत्र आज हातात पडलं. २२ तारीख परवाच उलटली, म्हणून घाबरत लिहितो. दादा, ऑक्सिजनला तेल लागलं की भडका उडतो. आम्ही वेल्डर सिलिंडरजवळ तेलकट फडकंसुद्धा येऊ देत नाही. चाचणी पुढे गेली असेल तर चकती आधी धुऊन घ्या. जन्मभर मला कल्हईवाला म्हणालात, एवढं कल्हईवाल्याचं ऐका.

खुशाली कळवा. वहिनी गेल्यापासून तुमचीच काळजी असते.

आपला,
बाळ

नेपरव्हिल, १३ एप्रिल १९८६

चि. बाळ यास आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी आलं. चाचणीत व्हॉल्व्ह उघडताच मोटर फुटली. राजीव लांब होता. उल्हासच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

मला रडू येत नाही. वाढलेलं जेवतो, सांगितलं की झोपतो. उल्हास सगळ्यांना सांगायचा, कॅलक्युलेशन माझं चुकलं, बाबांचं काम फर्स्टक्लास होतं. भेटायला येणारे माझीच समजूत घालायचे. मी मान हलवायचो.

तुझं पत्र चार दिवस कोटाच्या खिशात ठेवलं. काल त्याला वाचून दाखवलं.  त्याने विचारलं, बाबा, कुठलं तेल? शिवणयंत्राचं, म्हटलं. त्याने चाचण्यांची वही काढायला लावली. त्याला लिहिता येत नाही, म्हणून त्याच्या इंग्रजीखाली मी मराठीत लिहिलं, इंजेक्टरला तेल होतं. कोणी लावलं तेही लिहितो म्हटलं. तो नको म्हणाला आणि वही मिटली.

मला ते लिहायचं होतं. ते आता तुला लिहितो आहे. वाचलंस एवढं तरी लवकर कळव.

जगन्नाथ