वाकडीच्या काठचे पाच दगड

८ डिसें.
डोकं तापलंय. नदीकाठच्या राखीव जंगलात, मांजरा नदीनं कधीकाळी सोडून दिलेल्या जुन्या वळणात, म्हणजे आमच्या वाकडीत, मुरूम टाकून पार्किंग करणार! जंगल बघायला येणाऱ्यांच्या गाड्यांसाठी जंगलच बुजवायचं. वर साहेब मलाच कागद दाखवतात: 'जागा कोरडी, पडीक.' खाली सही माझी, वनरक्षकाची. मे महिन्यातला पंचनामा. मे महिन्यात वाकडी कोरडीच असते, गाढवा! तेवढं एक वाक्य लिहायला काय झालं होतं?

१२ डिसें.
ठेकेदाराच्या सुपरवायझरनं खुणेचे दगड मांडले. चुना फासून, वर लाल आकडे. शेजारी गुडघाभर पाणी, बदकं पोहतायत, आणि हा म्हणतो, "कागदावर पाणी न्हाई ना." थोबाडीत द्यावीशी वाटली.

१७ डिसें.
साहेबांना फोन. "पाणी आहे सर." "मग तेव्हा झोपला होतात का?" सोमवारी टिप्पर येणार.

१९ डिसें., वेळ अमावस्या
वाकडीला लागून महादेवीमावशीचं शेत. आज शेतात पूजा, जेवायला बोलावलं होतं. वाटेनं चाललेल्या सुपरवायझरलाही तिनं हाक मारून बसवलं. आज कुणी उपाशी जात नाही. काठावरच कडब्याची छोटी कोप उभारलेली, आत पाच पांडव म्हणून पुजलेले दगड, चुन्यानं पांढरेशुभ्र. सुपरवायझर चप्पल काढून पाया पडला. भज्जी-उंडे हाणले, वर दोन तांबे अंबिल. मग त्यानं पुन्हा आत बघितलं. ताज्या चुन्याखाली लाल ३.
"मावशी, हे तर आमचे दगड!"
"व्हते. आता पांडव हायत. तूच पाया पडलास की. उचल बघू."
नाही उचलले. किती दिवसांनी पोटभर हसलो.

२० डिसें.
साहेब भडकले. "सरकारी खुणांची चोरी! पंचनामा करा, त्या बाईचं नाव घाला." म्हणजे दगड उचलणारी चोर आणि पाणी गाडणारे साव.

२१ डिसें., रवि.
लिहिला. दगड सापडले ती जागा चतुःसीमेसकट लिहावीच लागते. पूर्वेस शेत. उत्तरेस अर्जुनाची झाडं. दक्षिणेस पायवाट. पश्चिमेस पाणी, गुडघ्याच्या वर, आज स्वतः उतरून मोजलं. मावशीचं नावही घातलं: पंच क्र. १.
साहेबांच्या घरी नेऊन दिला. दोनदा वाचला. ठेवून घेतला, सही केली नाही.
उद्या सोमवार. उजाडायला वाकडीवर जाऊन उभा राहतो.