शंभर वर्षं आणि आमचा ऑक्टोबर

१७ जानेवारी, शनिवार

डायनिंग टेबल गेलं! आमच्या लेकीने, कादंबरीने, त्यावर अमेरिकेची शंभर वर्षं मांडली आहेत — १९२६ ते २०२६. पांढरी कार्डं, एका कार्डावर एक घटना. आपल्या कॅरी गावाच्या लायब्ररीत मार्चमध्ये प्रदर्शन आहे आणि इतिहास शिकणारी आमची कन्या तिथली निम्मी कर्तीधर्ती. आम्ही दोघं नवरा-बायको सोफ्यावर ताट मांडीवर घेऊन जेवतोय. मीनाक्षी म्हणाली, "एवढ्या मोठ्या देशाला आमचंच टेबल सापडलं का?"

टेक्नॉलॉजीची कार्डं माझ्याकडे. ट्रान्झिस्टर, चंद्र, मायक्रोप्रोसेसर. मी खूश! कादंबरीने चंद्राच्या शेजारी १९७४ ठेवलं — बाईला नवऱ्याच्या सहीवाचून क्रेडिट कार्ड मिळण्याचा हक्क. मी म्हटलं, हे काय चंद्राच्या तोडीचं आहे? "बाबा, मूनवर फक्त बारा जण चालले. हे हाफ द कंट्रीला मिळालं." मी ट्रान्झिस्टरचं कार्ड सरळ करायला घेतलं.

१८ जानेवारी

इथे तरी सरळ लिहावं. ९ मार्चला ती एकवीस वर्षांची होते. एकवीस झालं की मूल आईबापाच्या ग्रीन कार्डाच्या अर्जातून गळतं. त्याआधी आमची तारीख लागली तर ती वाचली. नाहीतर चार वर्षांची असताना नागपूरहून आलेली ही पोर इथे "परदेशी विद्यार्थिनी" होणार. पुढे नोकरीच्या व्हिसाची लॉटरी लागली तर लागली. नाही लागली तर चालती हो!

रांग कुठल्या तारखेच्या अर्जांपर्यंत आली, ती तारीख दर महिन्याला सरकारी बुलेटिनमध्ये येते. कधी सरकते, कधी ढिम्म. आमच्या अर्जापर्यंत यायला ती अजून दहा महिने सरकायला हवी.

२५ जानेवारी

बर्फाचा इशारा. दुकानातून ब्रेड आणि दूध गायब, आणि पडले ते बर्फाचे बारीक खडे. दिवसभर घरात कोंडलेले, म्हणून कार्डांवरून वाद.

१९६५चा इमिग्रेशनचा कायदा मध्यभागी हवा, असं माझं म्हणणं. हा कायदा नसता तर या गावात ना आपण असतो, ना आपलं मराठी मंडळ. कादंबरी कार्ड हातात धरून बसली होती. म्हणाली, "याच लॉमध्ये दर देशाला लिमिटपण आहे, बाबा. डोअर आणि लाइन, दोन्ही सेम टाइमला आले." मग तिने ते कार्ड मी सांगितलं तिथेच ठेवलं. मला वाद जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही.

१ फेब्रुवारी

१९६०. आजचीच तारीख. ग्रीन्सबरो — इथून सव्वा तासावर. चार कृष्णवर्णीय विद्यार्थी फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या काउंटरवर जाऊन बसले. कुणी कॉफी दिली नाही. बसून राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. कादंबरीने मला मोठ्याने वाचून दाखवलं. मी "छान लिहिलंयस" म्हणून उठलो आणि गॅरेजमध्ये जाऊन उगाच खोकी लावत बसलो.

कारण मला माझा ऑक्टोबर आठवला. २०२०. कंपनीच्या वकिलांची मेल आली होती. तुमचा अर्ज दुसऱ्या श्रेणीत आहे, ती रांग हलत नाही. या महिन्यात तिसरी श्रेणी अचानक पुढे गेली आहे. तिसरीत उतरलात तर ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज आत्ताच करता येईल.

दुसरी म्हणजे उच्चशिक्षितांची. तिसरी बाकीच्यांची. मी एम.टेक.! मी का उतरू? प्रसाद — तेव्हा माझ्याच टीममध्ये, मला ज्युनिअर — झटकन उतरला. मी त्याला चिडवलं, "थर्ड क्लासचं तिकीट काढलंस का रे?" तो हसला आणि फॉर्म भरला. मी वकिलांना लिहिलं, नको.

याला मी स्वाभिमान म्हणायचो. त्या चार मुलांचा होता तो स्वाभिमान. माझा नुसता माज होता. मीनाक्षीला मी एवढंच सांगितलं होतं, "आपल्याला लागू नाही."

१३ फेब्रुवारी

बुलेटिन. दोन महिने सरकली. अजून आठ हवेत. आता वाढदिवसाआधी दुसरं बुलेटिन नाही.

मीनाक्षीने शिऱ्यासाठी रवा काढून ठेवला होता. तो परत डब्यात गेला.

२२ फेब्रुवारी

प्रसादकडे जेवायला. त्याचा आर्य कादंबरीच्याच वयाचा, ग्रीन कार्ड येऊन दोन वर्षं झाली. पोरगा उन्हाळ्याच्या नोकऱ्यांची यादी सांगत होता. कादंबरी त्याला मनापासून सल्ले देत होती. प्रसाद मला बाल्कनीत घेऊन गेला. "यार, तेव्हा तू का नाही केलंस?" मी म्हटलं, "जमलं नाही." त्याने लगेच क्रिकेटचा विषय काढला. भला माणूस आहे. आज त्याचा भलेपणा मला सोसवला नाही.

येताना गाडीत कादंबरी म्हणाली, "बाबा, मेबी नेक्स्ट बुलेटिनला एकदम जंप होईल?" मी म्हटलं, "तोवर उशीर होतो, बाळा." तिला ठाऊक होतंच. तरी विचारलं.

७ मार्च, शनिवार

प्रदर्शन. काय गर्दी! भिंतभर शंभर वर्षं. शेवटी एक रिकामा भाग आणि कोरी कार्डं — तुमच्या घराचं साल लिहा. ही कादंबरीची कल्पना. एका गोऱ्या आजींनी लिहिलं, १९५२, वॉशिंग मशीन आलं, आई पहिल्यांदाच दुपारी झोपली. लोक त्या कार्डापाशीच जास्त थांबत होते.

कादंबरीने माझ्या हातात पेन दिलं. "आपलं साल लिही ना. २००९? आपण आलो ते?"

मी लिहिलं, ऑक्टोबर २०२०.

"कोविड?"

नाही म्हटलं. तिला बाहेर पार्किंगमध्ये नेलं आणि सगळं सांगितलं. मीनाक्षीसमोर.

"वेट. तेव्हा अप्लाय केलं असतं तर माझं एज तिथेच फ्रीझ झालं असतं?"

"हो."

"आणि तुला हे माहीत होतं?"

"मेलच्या शेवटच्या परिच्छेदात होतं. मी वाचलं होतं. तू पंधरा वर्षांची होतीस. एकवीस फार लांब वाटलं."

"टू आणि थ्री," ती म्हणाली. "बाबा, एका नंबरसाठी?"

मीनाक्षी माझ्याकडे पाहत होती. पंचवीस वर्षांच्या संसारात तिने असं कधी पाहिलं नव्हतं. कादंबरी आत निघून गेली. लोकांना हसून १९२९ची मंदी समजावू लागली. तिला ते नीट जमत होतं.

८ मार्च

कादंबरी मैत्रिणीकडे राहिली. मीनाक्षीने चहा दिला, समोर बसली नाही.

९ मार्च

एकवीस.

सकाळी आली. मीनाक्षीने औक्षण केलं. मी दारात उभा. कादंबरीनेच बोलावलं, "ये ना. फोटो काढायचाय." फोटोत आम्ही तिघंही हसतोय. मग म्हणाली, "मला राग आहे, बाबा. खूप दिवस राहील. मला घाई करू नकोस सॉरी-बिरी म्हणून." मी मान हलवली. "आणि पाच वर्षं मी तुझ्या शेजारी बसून ती डेट बघत होते. तेव्हा तरी सांगायचं होतंस. मी एवढी होप केली नसती."

उद्या युनिव्हर्सिटीच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात तिची अपॉइंटमेंट आहे. एकटी जाणार म्हणाली.

१७ मार्च

बुलेटिन. तारीख एकदम दहा महिने सरकली. आमची लागली! आठ दिवस उशिरा. तरी मी वकिलांना लिहिलं, तिघांचे फॉर्म पाठवा. तासाभरात आले. दोनच आहेत.