तळ्याचा कायमचा बंदोबस्त

२ मार्च
आजपासून बागेतलं तळं माझ्याकडे. ५ एप्रिलला आमच्या लेकीचा, प्राप्तीचा साखरपुडा, इथेच, आपल्या डोंबिवलीच्या बागेत. मुलाकडचे घोडबंदर रोडचे, विसाव्या मजल्यावरचे. पाणी किंचित हिरवट आहे. उत्तरा म्हणाली, नर्सरीवाल्याला विचारू या. वागळे इस्टेटमध्ये आयुष्यभर बॉयलर सांभाळलेल्या माणसाला बायको हे सांगते! होणाऱ्या व्याह्यांना, रवींद्ररावांना, फोन करून टाकला: पाण्यात तोंड दिसेल.

४ मार्च
सगळं तण उपटलं. गोल पानांचं, फार चिवट. तळं आता कसं मोकळा श्वास घेतंय.
संध्याकाळी उत्तरा म्हणाली, अहो, ती माझी वॉटर लिली होती. फुलं नसताना कसं ओळखणार माणूस?
जेवायला कालचं पिठलं.

११ मार्च
पाणी जास्तच हिरवं. उत्तराचं म्हणणं, पानांची सावली गेली, ऊन थेट पडतंय. माझं निदान वेगळं. विझताना दिवा मोठा होतो, तसं शेवाळाचं चाललंय.

१९ मार्च
तुरटी फिरवली. भरपूर. दुपारी मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागले. उत्तराने ते कपडे भिजवायच्या टबात हलवले.

२१ मार्च
पाणी काल नितळ होतं. आज परत हिरवं. मासे टबात खूश. कपडे पडून.

२७ मार्च
स्वतः उतरून घासायचं ठरवलं. उतरलो. ठरवलं होतं त्याच्या जरा आधीच, पाय घसरून. कंबर. डॉक्टर म्हणाले, सक्त बेड रेस्ट. प्राप्ती हसली नाही, म्हणजे प्रकरण गंभीर.

३१ मार्च
पडूनच. बागेत ठोकाठोकी. उत्तराने मंडपवाल्याला सांगून तळ्यावर फळ्या टाकल्यात, वर स्टेज. माझ्याशी चर्चा नाही. माझी हरकत नाही, असं खिडकीतून कळवलं. कुणी वर बघितलं नाही.

५ एप्रिल
साखरपुडा झाला. पाहुणे ट्रॅफिकमध्ये अडकलेले, उशिरा आले. मी पट्टा बांधून खुर्चीत. रवींद्ररावांनी विचारलं, तळं कुठाय? म्हटलं, मुलं बसलीत त्याच्यावरच. ते खूप हसले. त्यांना विनोद वाटला.
प्राप्ती अंगठी दाखवायला आली. म्हणाली, बाबा, मला फोटोत मागे लिली हवी होती. पण असू दे.
अंगठी छान आहे म्हटलं.

६ एप्रिल, सकाळ
फळ्या काढल्या. पाणी स्वच्छ! तळाची फरशी, माझी एक चप्पल, सगळं दिसतंय. उत्तरा म्हणाली, इतके दिवस ऊन लागलं नाही, शेवाळ मेलं. मी म्हटलं, तुरटीला वेळ लागतो.
ती नवीन लिली आणायला नर्सरीत निघालेली. मी येतो म्हटलं.
म्हणाली, नको, तुम्ही पडून राहा. त्याचा गुण येतोय.