चौथा रुमाल

धायरी, पुणे ४१
सोमवार, २० फेब्रुवारी २००६

तीर्थरूप सीताराममामांच्या पायाशी शंभूचा नमस्कार. मामींना वेगळा नमस्कार (एकत्र घातला की तो तुम्ही एकटेच ठेवून घेता, अशी त्यांची तक्रार आहे). तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींची साखर उतरली का? उसाला तोड मिळाली का? इकडे आईचा खोकला गेला आहे आणि नळाला पाणी एक दिवसाआड येत आहे, म्हणजे सर्व ठीक आहे. मी जहाजावरून सुखरूप परत आलो, हे फोनवर कळवलं होतंच. बाकीचं फोनवर सांगता आलं नाही, कारण फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकतो. धायरीहून मांजरीला येऊन सांगावं तर समोरासमोरही तीच अडचण आहे. म्हणून हे पत्र.

पत्राला घाई आहे. येत्या गुरुवारी तुमचे शेजारी नागोराव आपल्या पुतण्याच्या लग्नपत्रिका न्यायला कर्वेनगरला आमच्या प्रेसमध्ये येणार आहेत, आणि आमचे मालक महिपतराव जहाजावरचा प्रकार येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत आहेत (पत्रिका शंभरच्या वर असल्या तर हातवाऱ्यांसह). नागोरावांनी तो त्यांच्या तोंडून ऐकला तर माझं त्यांच्या अपेक्षाशी लग्न या जन्मी व्हायचं नाही. नोव्हेंबरात तुम्ही मला तिला बघायला घेऊन गेलात, तेव्हा काय झालं ते तुमच्यासमोरच झालं. नागोरावांचा छताचा पंखा एका बाजूला झुकून फिरत होता, म्हणून मी खुर्ची दोन फूट मागे घेतली. मग गॅसचा वास येतोय का असं विचारलं. पूर्ण भेटीत माझ्या तोंडून एवढंच निघालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी निरोप धाडला की मुलगा सालस आहे, अक्षर सुंदर आहे, पण फार घाबरतो, आणि आमच्या मुलीने जन्मभर पंख्याखाली बसायचंच नाही का? शिवाय मला घाम फुटलेला पाहून अपेक्षाने पोह्यांच्या बशीखालून जो रुमाल दिला होता (पांढरा, कोपऱ्यात निळं फूल), तो परत मागितला. तो मी अजून दिलेला नाही. या पत्रातला सगळा घोटाळा त्या रुमालाचा आहे.

आता जहाज. महिपतरावांचा चेतन अमेरिकेत मायामीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून त्याने दोघांना कॅरिबियन समुद्रात सात दिवस फिरवायचं ठरवलं. कौशल्याकाकूंचे गुडघे धरतात, त्यांची चाकाची खुर्ची ढकलायला कोणीतरी हवं होतं. चेतन स्वतः ढकलणार होता, पण त्याचं प्रोजेक्ट कायम पुढच्या आठवड्यात संपणार असतं. तेव्हा प्रेसमधून मला न्यायचं ठरलं. मालक म्हणाले, हा दहावी नापास असला तरी कागदावरचं बारीक अक्षर सगळं वाचतो, तिकडे असं माणूस लागतं. मी लगेच हो म्हणालो. नागोरावांना कळावं, की घाबरट माणूस साता समुद्रांपलीकडे जात नसतो. (समुद्र नेमके किती लागले ते मोजायचं राहिलं. विमानात मी डोळे मिटून होतो.)

बारीक अक्षर वाचण्याचा फटका जहाजावर चढतानाच बसला. तिथे एक फॉर्म देतात, गेल्या दोन दिवसांत ताप, खोकला वगैरे झाला का म्हणून. पुढचेमागचे लोक न वाचता नाही, नाही अशा खुणा करत होते. मी विमानात तीनदा शिंकलो होतो. ते मी वेळेसकट लिहिलं. मग मला वेगळ्या खोलीत बसवून एका डॉक्टरीणबाईंनी तासभर तपासलं, आणि तेवढा वेळ दोन हजार माणसांच्या रांगेत काकूंची खुर्ची मालकांना ढकलावी लागली. ते मला एवढंच म्हणाले, की शंभू, पुढच्या वेळी शिंक आली तर ती आपल्यापुरतीच ठेव.

आमची केबिन दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे पाण्याला अगदी खेटून. एक गोल खिडकी, ती उघडत नाही. तिघांचे तीन पलंग, त्यातला माझा भिंतीतून खाली ओढायचा (त्याचे स्क्रू मी रोज बघत असे). केबिन आवरणारा माणूस फार हौशी होता. तो रोज टॉवेलच्या घड्या घालून त्यांचे प्राणी करून ठेवायचा, आणि पहिल्याच दिवशी त्याने हत्ती केला. सोंड, कान, सगळं बरोबर. काकूंनी त्याला हात जोडले, कुंकू लावलं, आणि गणपतीने अंग पुसायचं नाही असं आम्हांला बजावलं. त्याला वाटलं, बाईंना हत्ती आवडला. तो रोज हत्तीच करू लागला. चौथ्या दिवशी सोफ्यावर चार गणपती आणि तिघांच्या अंगावर पाणी, अशी परिस्थिती आली. आम्ही मालकांच्या एका पंच्यावर दिवस काढले. शेवटच्या दिवशी काकूंनी पुढच्या वर्षी लवकर या म्हणत एकेकाची घडी आपल्या हाताने मोडली, तेव्हा तो माणूसही काही न कळता हात जोडून उभा राहिला.

पण मूळ गोष्ट होडीची आहे. जहाज सुटण्याआधी सगळ्यांना डेकवर उभं करून, संकट आलं तर कोणी कुठल्या होडीत बसायचं, ते दाखवतात. आमची होडी नऊ नंबरची. तिच्यावर लिहिलं होतं, माणसं १५०. मी आमच्या घोळक्यातली माणसं मोजली. ती १५८ भरली. परत मोजली तर १६१, कारण तिघं उशिरा आले. म्हणजे अकरा माणसं उरतात, मामा, आणि ज्यांच्याकडे चाकाची खुर्ची आहे ते शेवटी पोचणार हे उघड आहे. मी हे मालकांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, जहाज बुडालं तर आपल्याला कळवतील, तू जेवायला चल. (जेवायला मी केशरी जाकीट घालून गेलो. तिथे त्यांच्या फोटोग्राफरने माझा फोटो काढला आणि तो विक्रीच्या फळीवर लावला. कोणीतरी तो विकतही घेतला. कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही.)

जमैकाला उतरलो तेव्हा मी तुमच्यासाठी मुद्दाम ऊस पाहून आलो. पेर लांब आहे, पण आपल्या मांजरीच्या उसाएवढा जाड नाही. रस काढणाऱ्याने लिंबू घातलं, आलं घातलं नाही. मालक उतरलेच नाहीत. खालीही हेच ऊन आहे, म्हणाले.

मग आलं ग्रँड केमन नावाचं बेट. तिथे जहाज काठाला लागत नाही, भर समुद्रात उभं राहतं, आणि त्याच संकटाच्या होड्या खाली सोडून त्यांतून लोकांना किनाऱ्यावर नेऊन आणतात. परत येताना आम्हांला जी होडी मिळाली तिच्यावर नंबर होता नऊ. आमचीच. दोन बाजूंना बाकं, दार उघडं, आणि जागा समोर रिकाम्या. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? जहाज बुडालंच तर जागा असावी म्हणून, स्वारगेटला गाडी लागली की आपण जे करतो तेच मी उतरताना केलं. दाराजवळची पहिली रांग सोडली (तिथे पाणी उडतं), दुसऱ्या रांगेत मालकांसाठी एक, काकूंसाठी एक आणि माझ्यासाठी एक, असे रुमाल बाकाच्या फटीत खोचून गाठ मारली. त्यांवर बॉलपेनाने केबिन नंबरही घातला, म्हणजे नंतर वाद नको. मग खिशात चौथा लागला. निळ्या फुलाचा. मामा, मी विचार केला नाही. शेजारची जागा रिकामी होती. मी तोही टाकला.

संध्याकाळी जहाज सुटेना. कर्ण्यावरून काही सांगू लागले, त्यातलं मला ‘होडी नऊ’ आणि ‘चार’ एवढंच समजलं. सगळ्यांना आपापल्या केबिनमध्ये जायला सांगितलं. मालकांनी ऐकून अर्थ लावला, की बेटावरून चार माणसं चोरून जहाजावर चढली आहेत, खुणेची फडकी होडीत सापडली आहेत, आणि फडक्यांवर सांकेतिक भाषेत काही लिहिलं आहे. मी काकूंना मंगळसूत्र आत घालायला लावलं, दाराला खुर्ची लावली, पलंगाखाली पाहिलं, कपाटात पाहिलं, गणपतींच्या मागे पाहिलं. पुढचे दीड तास मी त्या चार हरामखोरांना मनातल्या मनात शिव्या देत होतो.

मग दार वाजलं. एक गोरा अधिकारी, हातात ट्रे, ट्रेमध्ये चार रुमाल. बरोबर स्वयंपाकघरातला एक गोव्याचा माणूस. माझे देवनागरी आकडे पूर्ण जहाजावर त्या एकालाच वाचता आले होते. त्याने दारावरचा नंबर पाहिला, रुमाल पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि हसू दाबलं.

आम्हांला कॅप्टनसमोर नेलं. या तरुणाला तुम्ही ओळखता का, असं मालकांना विचारलं. ते म्हणाले, दुपारपर्यंत ओळखत होतो. गोव्याच्या माणसाने माझी बाजू फार चांगली मांडली, की साहेब, हा कट नाही, ही आमच्याकडची रीत आहे, आमच्या कदंबाच्या बसलाही आम्ही हेच करतो, आणि टाकलेल्या रुमालावर दुसरं माणूस बसत नाही. (त्यांचेच प्रवासी पोहायच्या टाकीजवळच्या खुर्च्यांवर पहाटेपासून टॉवेल टाकून ठेवतात. हे मी म्हणणार होतो, पण त्याला मध्ये तोडणं बरं दिसलं नसतं.) कॅप्टन सगळं ऐकून घेऊन म्हणाला, की केबिनमध्ये माणसं तीन आहेत. चौथं कुठे आहे?

मी म्हणालो, “मांजरीला.”

कॅप्टनने विचारलं, मांजरी हा कितवा डेक. मग मला सगळं सांगावं लागलं. पंखा, गॅस, पोहे, निळं फूल. गोव्याचा माणूस एकेक वाक्य इंग्रजीत करत होता, काकू डोळे पुसत होत्या आणि मालक छताकडे पाहत होते. शेवटी कॅप्टन म्हणाला, की ती मुलगी तर जहाजावर नाही. मी म्हणालो, ते मला माहीत आहे, पण जागा धरलेली बरी.

त्यावर कॅप्टनने स्वतः कर्णा घेतला आणि दोन हजार लोकांना सांगितलं, की उशीर झाल्याबद्दल क्षमा असावी, एका गृहस्थांनी एका बाईंसाठी होडीत जागा धरली होती. वरच्या मजल्यांवरून टाळ्या ऐकू आल्या. त्या दिवसापासून माझं काही खरं राहिलं नाही, मामा. जेवायला गेलो की माझ्या शेजारच्या खुर्चीवर कोणीतरी रुमाल टाकलेला असे, आणि वाढपी तिथेही ताट मांडत असे. मेक्सिकोच्या बंदरात अनोळखी म्हातारे माझ्या पाठीवर थाप मारून जात. एक बाई विचारत होत्या, की मांजरीहून काही निरोप आला का. चारी रुमाल त्यांनी एकेका प्लॅस्टिकच्या पिशवीत चिठ्ठी लावून परत दिले.

तर विनंती एवढीच, की गुरुवारच्या आत तुम्ही नागोरावांकडे जाऊन हे आपल्या पद्धतीने सांगावं. तुम्ही सांगितलेलं कोणालाच मध्ये तोडता येत नाही, हा तुमचा गुण इथे उपयोगी पडेल. बुडण्याची भीती, फॉर्मवरच्या शिंका आणि जाकिटातला फोटो वगळावा. जहाज थांबवलं, एवढं ठेवावं.

मामींना पुन्हा नमस्कार (वेगळा).

तुमचा भाचा,
शंभू

ता. क. (बुधवार) – पत्र शुद्धलेखन तपासायला दोन दिवस ठेवून घेतलं. दोन वेलांट्या चुकल्या होत्या, त्या दुरुस्त केल्या. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, की वर ‘विनंती एवढीच’ असं लिहिलं आहे ते खरं नाही. नुसतं सांगू नका. पुन्हा मागणी घाला.

आणखी एक (गुरुवार) – पोस्टात टाकायला निघालो तर प्रेसच्या दारात नागोराव. मालकांनी पत्रिका मोजायच्या आत सगळं सांगून टाकलं, शिंकांसकट. मी मशीनमागे उभा होतो. नागोराव हसले नाहीत. एसटीच्या कंडक्टरकीत तीस वर्षं काढलेला माणूस, त्यांनी मला पुढे बोलावून विचारलं, “कितव्या रांगेत?” मी म्हणालो, दुसऱ्या, पहिल्या रांगेत पाणी उडतं. त्यांनी मान हलवली. मग चौथा रुमाल मागितला. मी पिशवी पुढे केली. त्यांनी तीवरची चिठ्ठी चष्मा लावून वाचली.

“स्टँडवर उभं असलेल्या माणसासाठी सगळेच रुमाल टाकतात,” ते म्हणाले. “गाडीला न आलेल्यासाठी टाकलेला मी आज पहिल्यांदा ऐकतोय.”

आणि पत्रिका घेऊन गेले. रुमाल टेबलावरच राहिला. मी मालकांना म्हणालो, विसरले वाटतं. मालक म्हणाले, कंडक्टर विसरत नसतो.

शेवटचं (शुक्रवार) – सकाळी अपेक्षाचा प्रेसमध्ये फोन आला. तुम्ही रविवारी दुपारी मला घेऊन त्यांच्याकडे यायचं आहे, बाबांनी सांगितलंय, म्हणाली. आणि पुढे म्हणाली, की काल आल्याआल्या बाबांनी पंखा उतरवून घट्ट करून घेतला आहे, तेव्हा खुर्ची हलवायची नाही. मी हो म्हणालो. खुर्ची मी हलवणार नाही, मामा, शब्द दिला आहे. म्हणून हे पत्र आता पोस्टात न टाकता आमच्या पेपरवाल्याच्या हाती देत आहे, तो हडपसरला राहतो, आजच पोचवेल. तुमचं घर शेजारीच आहे. शनिवारी काहीतरी निमित्त काढून त्यांच्याकडे जा, पंखा पाचवर लावायला सांगा आणि दहा मिनिटं त्याच्याखाली बसून बघा.