गिळायचा पंप

रविवार, ९ नोव्हेंबर, दुपार

आई, किती वर्षांत तुला काही लिहिलं नाही. तू गेल्यावर सुरुवातीला लिहायचे, मग सुटलं. माफ कर. आजही नुसती आठवण आली म्हणून नाही, एका अडचणीपायी लिहिते आहे.

माझ्या अन्ननलिकेला ऍलर्जीमुळे सूज आहे. वर्षभर घास अडकायचा आणि मी म्हणायचे, घाईत जेवते म्हणून. मग चाकणला, कंपनीच्या कँटीनमध्ये, चपातीचा घास छातीत असा बसला की पाणीसुद्धा उलटून आलं. शेजारचे सुपरवायझर पाठीत थापा मारत ओरडत होते, "मॅडम, खोका! जोरात खोका, राव!" पिंपरीतल्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून तो घास काढला, नलिकेच्या आतला बारीक तुकडा तपासायला पाठवला आणि पुढं स्टेरॉइडचा पंप दिला. दम्याचाच पंप. फक्त म्हणाले, "हा श्वासात ओढायचा नाही. तोंडात मारायचा आणि गिळायचा. नंतर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही." मी हो म्हणाले.

चुलीच्या धुरानं तुझा दमा उसळायचा. पंप नवा होता तेव्हा तू फवारा गिळूनच टाकायचीस. दवाखान्यातल्या सिस्टरनी मला शिकवलं आणि मी तुला. तव्यावर भाकरी टाकून तू माझ्यासमोर बसतेस, मी सांगते: गिळू नको, आत ओढ, थांब, आता सोड. तुला जमावं म्हणून तुझ्याबरोबर मीही श्वास ओढते. "मास्तरीन झालीस व्हय गं?" तू म्हणतेस. "आता श्वास बी तुला इचारून घिऊ?" हसता हसता तुला पुन्हा धाप लागते आणि मी तुझ्यावर रागावते. तिकडे भाकरी करपते.

दोन महिने मी पंप घेतला. परवा दुर्बिणीत सूज तशीच दिसली. "नियमित घेताय ना?" डॉक्टरांनी विचारलं. "एकदाही चुकवला नाही," मी म्हटलं, आणि ते खरंच होतं. मग या औषधाचा तुम्हाला गुण नाही, म्हणाले. आता नलिका आतून ताणून रुंद करू, गहू आणि दूधही बंद.

आज सकाळी मी सवयीनं पंप घेत होते, तेव्हा नवरा दारात उभा होता. "अगं, छाती कशाला फुगवतेस? गिळायचंय ना?"

नंतर आरशासमोर पंप नुसता तोंडाशी नेला. दाबलाही नाही, तरी छाती वर. म्हणजे दोन महिने औषध बरंचसं फुफ्फुसात गेलं, सुजेपर्यंत पोचलंच नसणार.

ही जुनी सवय, असं म्हणून सुटता येईल. पण ते पुरतं खरं नाही. पंप मला येतो, या भरवशावर मी डॉक्टरांचं ऐकलं आणि लक्ष दिलं नाही. कंपनीत याच गोष्टीवरून मी लोकांना बोलते.

डॉक्टरांचा नंबर सकाळपासून दोनदा काढला आणि ठेवून दिला. औषध लागू पडलं नाही, असंच राहू द्यावं, नलिका ताणून घ्यावी, असंही क्षणभर वाटलं. इतकी लाज वाटते. हे लिहिताना कळतंय, त्यांना सांगायचं टाळण्यासाठीच मी तुला लिहायला बसले. तुला पाठवायचं नाही, म्हणून सोपं गेलं.

उद्या सकाळी: डॉक्टरांना फोन करून चूक सांगणे.