लोण्याचा थेंबही नसलेली बिस्किटं

चिमणे,

तुला खरं वाटणार नाही, कुणालाच वाटणार नाही, पण तुझ्या आजोबांनी आज अख्खं दुकान वेठीला धरलं! तू दूध-तूप सोडल्यापासून खोलीत एकटी केळी खात बसतेस, ते मला बघवत नाही. म्हणून तुला चालतील अशी बिस्किटं आणायला गेलो. पुड्यावर पुढे हिरवं पान आणि ‘लोण्याचा थेंबही नाही’ अशी फुशारकी. पण मी काय कच्च्या गुरूचा चेला? भिंग काढलं आणि मागची मुंगीएवढी अक्षरं खड्या आवाजात वाचायला लागलो. ही गर्दी जमली! मॅनेजरने बसायला खुर्ची दिली. शेवटी कारखान्याच्या मालकाचाच फोन आला, "आजोबा, दुधाचा कण जरी निघाला तरी मिशी उतरवीन!" तेव्हा कुठे मी पुडा घेतला. आता टेबलावर ठेवलाय. आज आमच्यात येऊन बस, तुझा बिनदुधाचा चहा मीच करतो.

एवढं लिहितोय तोच मागून वाचणारी तुझी आजी कडाडली, "अहो थापाडे! भिंग सकाळपासून माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. आणि हे बघा, मागे चक्क दुधाची भुकटी लिहिलीय!"

पुडा बदलायला पळतोय. या वेळी भिंग खरंच खिशात आहे. तोवर केळं सोलू नकोस.

तुझे आजोबा